दातु सालिगानची एकोणीस दुखणी

दातु सालिगान ही गस्तीनौका दोन हजार सोळा साली नौदलातून निवृत्त झाली तेव्हा तिचं वय बहात्तर होतं. जन्म अमेरिकेतला, चव्वेचाळीस सालचा. पुढे ती दक्षिण व्हिएतनामला दिली गेली आणि तो देशच उरला नाही तेव्हा समुद्रापलीकडे आमच्या देशाकडे आली. माझी तिची गाठ पडली ती मधल्या काळात, पंच्याहत्तरच्या मे महिन्यात. तेव्हा ती कुणाचीच नव्हती.

मी, कासियानो तुबेरा, त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो. सूबिकच्या अमेरिकी तळावर डिझेल मेकॅनिक. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडल्यावर तिथलं निम्मं आरमार बायकापोरांना घेऊन आमच्या खाडीत आलं. खाडीत शिरण्याआधी त्यांना झेंडे उतरवायला लावले. खलाशांनी खांद्यावरच्या पट्ट्या समुद्रात फेकल्या आणि मग नुसत्या बनियनवर उभे राहिले. मुकादम मांग इस्को (आमच्याकडे वडीलधाऱ्यांना आदरानं मांग म्हणतात) मला म्हणाला, "सियानो, त्या शेवटच्या जहाजावर जा. माणसं उतरली की इंजिनं बंद कर आणि ये. जास्त डोकं लावू नकोस, भंगार आहे ते."

डेकवर तीनेकशे माणसं होती. खाली यंत्रघरात मात्र एकच, चाळिशीचा, बारीक, कानामागे खडू खोचलेला. त्याचं नाव थुआन. जहाजाचा मुख्य यंत्रचालक. पंपांना वीज लागते म्हणून तो जनरेटरपाशी थांबला होता. बायको आणि दोन मुलींना त्यानं वर सावलीत बसवलं होतं, मी येतो म्हणून. हे त्यानं मला हातवाऱ्यांनी सांगितलं, धाकटी केवढी आहे ते तळहात गुडघ्याखाली धरून दाखवलं.

मला इंग्रजी यायचं, त्याला इंग्रजीतले दहाबारा शब्द. ते सगळे यंत्रांचे.

मी इंजिन बंद करायला हात घातला तर त्यानं माझं मनगट धरलं. "नो," म्हणाला, आणि मला उजव्या इंजिनाच्या मागे ओढत नेलं. तिथं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा एक व्हॉल्व्ह होता. तो उलटा उघडायचा. शेवटच्या वर्षांत त्यांना सुटे भाग मिळेनासे झाले होते, तेव्हा कुठल्या तरी गिरणीतला काढून त्यांनी तो बसवला होता. नेहमीसारखा फिरवला तर पाणी बंद आणि पाव तासात इंजिन जळून कोळसा. थुआननं खडूनं त्यावर एक आकडा लिहिला. मग दुसरं ठिकाण दाखवलं. तेलाचा काटा खोटं सांगायचा, आठ दाखवले की सहा समजायचे. तिथं दोन आकडा. त्यानं दोन्ही हातांची बोटं पसरली आणि मग नऊ बोटं वर केली. अशी एकोणीस दुखणी होती.

कुणी माझ्यासारख्याला विचारेल, भंगारात जाणाऱ्या जहाजाचं एवढं काय? मलाही सुरुवातीला हसू आलं होतं. पण चौथ्या-पाचव्या आकड्यानंतर मी खिशातली वही काढली. तसं काम मी कधी बघितलं नव्हतं. तळावर आम्ही भाग बिघडला की पेटीतून नवा काढायचो. या माणसानं सायकलच्या ट्यूबमधून, डब्याच्या पत्र्यातून, नारळाच्या काथ्यातून जहाज चालतं ठेवलं होतं.

अकराव्या आकड्यापाशी त्याला तहान लागली. मी पाणी आणायला वर गेलो. तेव्हा शेजारच्या लाँचवरून कर्ण्यातून आवाज येत होता, इंग्रजीत: या जहाजावरच्या कुटुंबांनी लगेच लाँचमध्ये चढावं, ग्वामला जाणारं मालवाहू जहाज दोन वाजता सुटेल, मागे राहिलेल्यांना नंतर जिकडे जागा मिळेल तिकडे पाठवलं जाईल. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. एक बाई कडेवर पोर घेऊन यंत्रघराच्या दाराकडे वळून वळून बघत होती. एक शिपाई तिला दंडाला धरून पुढे नेत होता.

मी मगभर पाणी घेऊन खाली आलो. थुआन पाणी प्याला, तोंड पुसलं आणि भुवया उंचावून वर बोट केलं. वर काय चाललंय, असं.

मी म्हणालो, "ओके."

आठ दुखणी राहिली होती. ती मला हवी होती. त्याहून वेगळं कारण मी कधीच शोधू शकलो नाही.

अडीचला आम्ही वर आलो तेव्हा डेक रिकामा होता. कुणाची तरी चप्पल, भाताचं एक पातेलं, बस. थुआन कठड्यापर्यंत गेला आणि परत आला, मग पुन्हा गेला.   दोन दिवसांनी त्याला दुसऱ्या जहाजावर चढवलं, ते वेक बेटाकडे गेलं असं कळलं.

जहाज भंगारात गेलं नाही. पुढच्या वर्षी ते आमच्या नौदलाला मिळालं. पहिल्याच चाचणीत कुणी तरी विचारलं, हे इंजिन चालवणार कोण, आणि मांग इस्कोनं माझं नाव सांगितलं. अशानं मी नौदलात शिरलो. एकतीस वर्षं तिच्यावर काढली. तस्करांचा पाठलाग केला, वादळानंतर बेटांवर तांदूळ पोचवले, दोनदा बुडणाऱ्या फेरीबोटीतली माणसं काढली. ती समुद्रात कधी बंद पडली नाही. लोक मला शाबासकी द्यायचे, मी घ्यायचो.

जहाजाच्या निवृत्तीचा समारंभ सकाळी काविते इथल्या नौदल तळावर झाला. झेंडा उतरवला, भाषणं झाली, मग मांडवात पानसितच्या शेवया आणि भाजलेलं डुक्कर. तिथं बेचाळिशीची एक बाई माझ्यासमोर आली. "तुम्हीच का चीफ तुबेरा? मी दिएप, समारंभाची बातमी वाचून आले. माझे वडील या जहाजावर होते. मी स्वतःही होते म्हणे, कडेवर."

मी तिला बसवलं. ताट तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं, कर्ण्यासकट.

तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "सात महिने लागले त्यांना आम्हाला शोधायला. आई आजही म्हणते, तुम्हाला बायकोपेक्षा इंजिन प्यारं. रोज म्हणते. बाबा गप्प बसतात. त्यांना वाटतं, हाक मारली असेल, आपल्यालाच ऐकू आली नाही."

"दोघंही आहेत?"

"लुइझियानात. तिकडे आता आदली रात्र, जेवत असतील." तिनं फोन काढला. "मला सांगितलंत ते त्यांना सांगा. मी एकेक वाक्य भाषांतर करते. गाळू नका काही."

मी गाळलं नाही. पलीकडे ताटवाट्यांचा आवाज येत होता. सगळ्यात आधी बाई बोलल्या, तारस्वरात. दिएपनं ओठ चावत सांगितलं, "आई म्हणते, एकेचाळीस वर्षं मी या माणसाला टोमणे मारले. ते सगळे आता तुमच्या पत्त्यावर पाठवू का?"

"पाठवा म्हणावं."

"म्हणते, टपालखर्च परवडायचा नाही."

मग थुआन आले. आवाज पातळ झाला होता. ते मोजकंच बोलले. दिएपनं डोळे पुसून, सरळ आवाजात सांगितलं, "म्हणतात, ही चालायला लागली तेव्हा मी नव्हतो. ते मला परत कोण देणार?"

मी म्हणालो, "कुणी नाही. चूक माझी."

ते हो म्हणाले. एवढंच. फोन बंद झाला.

त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही, आणि दिएपनंही तसं कधी भासवलं नाही. तिनं त्या दिवशी जहाज फिरून बघितलं, यंत्रघरात उतरली, दोन फोटो काढले. पुढच्या वर्षी सालिगान कापायला गेली. दिएप अधूनमधून लिहिते. शेवटच्या पत्रात तिनं कळवलंय की आई हल्ली बाबांना काही बोलत नाही, जेवताना त्यांच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढते आणि बाबा त्या शांततेनं गांगरून गेलेत, सारखे विचारतात, हिला बरं नाही का?