बुंध्याची बाजू

"अहो दाएंग, खांबाशी लग्न लावताय की काय? बोला की, कुठलं टोक खाली?" दोरखंड खांद्यावर टाकून हाजी लोलो ओरडला आणि उतारावर जमलेलं अख्खं गाव हसलं.

गाव ज्याला मानाने दाएंग म्हणे तो म्हातारा मातोला हसला नाही. फणसाच्या खांबापाशी गुडघे टेकून तो दोन्ही टोकांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. एरवी लाकडाच्या रेषांवरून हाताला बुंध्याचं टोक कळायचं; आता हात काही सांगत नव्हते. गेलं वर्षभर बोटं बधिर झाली होती. चहाचा पेला गरम आहे की गार, तेसुद्धा ओठाला लावल्याशिवाय कळत नसे. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. जन्मभर घरं बांधली त्या माणसाने बोटं गेली म्हणून सांगायचं, म्हणजे मग उरलं काय?

घर त्याच्या मुलाचं, बेद्दूचं. बेद्दूला यंत्र आणून टेकडी सपाट करायची होती. "टेकडीने तुला बोलावलं नाही, तू तिच्या दारी आलायस. मग वाकायचं कुणी?" असं म्हणून म्हाताऱ्याने उतार होता तसाच ठेवला. वरच्या अंगाला आखूड खांब, खालच्या अंगाला उंच, आणि ओढ्याची वाट घराखालून मोकळी. खिळा एकसुद्धा नाही. जमिनीच्या फळ्या, खिडक्यांची कोरीव लाकडं, चुलीची पेटी, पाळणा टांगायचा वासा, सगळं तयार होऊन झापांखाली रचलेलं होतं. आता सगळ्यांत आधी उभा राहायचा तो हा फणसाचा, घराच्या मधोमधचा नाभीचा खांब. झाड जसं उभं होतं तसाच तो उभा राहिला पाहिजे, बुंधा खाली आणि शेंडा वर. उलटा बसला तर त्या घरातली बाई टिकत नाही.

म्हणून तर झाड पडल्या पडल्या मातोला बुंध्याला वाकसाने खाच पाडायचा. यंदाही पाडली होती. मग खांब खाडीच्या चिखलात मुरवून काढला, वाळवला, आणि बेद्दूने मोठ्या हौसेने रंधा मारून तो असा लख्ख केला की खाच भुशाबरोबर गेली. दोन्ही टोकं सारखी. फांदीचा रोख बघून ओळखावं, तर या मेल्या खांबाला गाठ म्हणून कुठे नाही.

"बाबा, ऊन चढायला लागलं," बेद्दू दबक्या आवाजात म्हणाला. "इमामसाहेब खोळंबलेत. चूक माझीच आहे, पण आता काय ते ठरवा ना."

मातोलाने एका टोकावर थाप मारली. "हे खाली."

थाप इतकी ठाम पडली की 'बिस्मिल्ला' म्हणत लोकांनी खांब उचललाच. नुसता अंदाज होता तो.

पायाच्या दगडापाशी खांब आडवा ठेवला. सून सेन्नांग खांबाला बांधायचा नारळ आणि पांढरं कापड घेऊन पुढे आली. तिला सातवा महिना होता, आणि मागचं मूल हाती लागलं नव्हतं. मागे बायांची कुजबुज चालली होती, खाच तर गेली म्हणे, मग दाएंगनी ओळखलं कशावरून?

"भीती वाटते का गं, पोरी?" मातोलाने विचारलं.

"वाटत होती," ती कापडाची गाठ मारता मारता म्हणाली. "रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पण तुम्ही हात लावून सांगितलंत ना, बाबा. आता कशाला वाटेल?"

हिने शंका घेतली असती तर बरं झालं असतं, म्हाताऱ्याला वाटलं. चिडलो असतो, ओरडलो असतो, आणि त्या ओरड्यात खोटं रेटून नेलं असतं. हिने तर जीवच हातात आणून दिला. तिकडे बेद्दूने दोरांवर माणसं लावली आणि सगळे मातोलाच्या हाकेची वाट बघू लागले.

"थांबा!" मातोला ओरडला. "सोड ते कापड, पोरी. खांब पाण्यात न्या रे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बुंधा जड, तो जास्त बुडतो, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण पाण्यात टाकून बघणं हे नवशिक्यांचं काम, दाएंग मातोलाचं नव्हे.

"आता पाण्यात कशाला?" हाजी लोलो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत ना, मग झालं की."

"मला कळत नाही, लोलो." मातोलाने दोन्ही हात पुढे केले. "बोटांना कळत नाही आता. वर्ष होत आलं. मी अंदाजाने बोललो."

या वेळी कुणी हसलं नाही.

ओढ्याच्या डोहात खांब सोडला. तो गरकन फिरला, डुचमळला, काठाला लागून परत मध्ये आला. बेद्दू कमरेइतक्या पाण्यात उभा राहून श्वास रोखून बघत होता. हळूहळू खांब स्थिरावला. मातोलाने थाप मारलेलं टोक वर आलं, आणि दुसरं खाली गेलं.

"प्रवाह आहे हो इथे," लोलो घाईघाईने म्हणाला. "त्याने जरा..."

"प्रवाह बिवाह काही नाही. उलटा होता."

सेन्नांग काठावरच्या दगडावर मटकन बसली आणि पोटावर हात धरून रडायला लागली. मातोलाला तिच्याकडे बघवेना. लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

"रंधा मी मारला," बेद्दू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खाच मी घालवली. बाबांना कुणी काही बोलायचं नाही."

"खाच तू घालवलीस," मातोला म्हणाला. "टोक मी सांगितलं."

खांब वर आणून फिरवून ठेवला. सेन्नांगने डोळे पुसून कापड पुन्हा बांधलं. आता घर बांधणाऱ्याने खांबाशी उभं राहून हाक द्यायची.

"हाक तू दे," मातोला मुलाला म्हणाला.

"मी? तुमच्यादेखत?"

"दे म्हणतो ना."

मातोला उतारावरून खाली आला आणि दोराच्या शेवटी, लोलोच्या मागे जाऊन उभा राहिला. आजवर त्याने दोर ओढला नव्हता, नेहमी हाक देऊन दुसऱ्यांकडून ओढवला होता. लोलोने सरकून जागा करून दिली.

"टाच रोवा, दाएंग," लोलो हलकेच म्हणाला. "नाहीतर तोंडावर पडाल."

वर बेद्दूने हाक दिली. म्हाताऱ्याने टाच रोवली आणि सगळ्यांबरोबर ओढलं.