फक्त एक ओळ

तिनं ती ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि साहेबांना नीट दिसावं म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बेचाळीस चुका. पडदा वरपासून खालपर्यंत लाल.

"एकच ओळ सांगितली होती," साहेब म्हणाले.

"एकच लिहिली."

दवाखान्यातल्या लहान मुलांना औषधाची मात्रा किती द्यायची, ते काढणारा प्रोग्रॅमचा तुकडा, म्हणजे फंक्शन, तिनं लिहिलेलं होतं. नर्सनं वजन टाकायचं, मात्रा समोर येते. साहेबांना हवं होतं ते वरवर साधं: कोणत्या नर्सनं मात्रा किती वेळा काढली, किती सेकंद लावले, हे त्याच वेळी गुपचूप मुख्य कचेरीत जावं. नर्सना आणि इतरांना कळायचं कारण नव्हतं.

तिची मावशी तीस वर्षं नर्स होती. कितीही घाई असो, मात्रा दोनदा काढायची. भाजीत मीठ टाकतानाही ही दोनदा मोजते, म्हणून घरात सगळे तिची टर उडवायचे. अशी बाई कचेरीच्या यादीत मंद ठरली असती आणि महिन्याभरात एकदाच मोजायला शिकली असती. कुणाच्या तरी लेकराच्या जिवाशी हा खेळ, आणि तोही आपल्या हातून, याची तिला मनापासून चीड आली होती.

"या बेचाळीस चुका कसल्या?"

वर्षभर ती हेच सांगत आली होती आणि ऑफिस तिला डबाबाई म्हणून चिडवत आलं होतं. मोजणाऱ्यानं फक्त मोजावं. तेच वजन शंभरदा टाका, तीच मात्रा यायला हवी. निरोप धाडणं, कुठं नोंद करणं, बाहेरच्या जगाला हात लावणारं जे काही, तो साइड इफेक्ट. तो मोनॅड नावाच्या डब्यात ठेवायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. आतली वस्तू घेऊन पुढचं काम करता येतं, पण त्याचं उत्तरही तशाच चिठ्ठीच्या डब्यात येतं. बाकी मोनॅड म्हणजे नाव मोठं, लक्षण सोपं. जुन्या कोडमध्ये चिठ्ठ्या नव्हत्या; मात्रा काढताना निरोपही जातो, हे कुणाला दिसत नव्हतं. सगळ्यांचा कोड तपासणाऱ्या टेस्टरताईंनी चाचणी म्हणून तीनशेदा मात्रा काढली, तर तीनशे खरे निरोप वॉर्डातल्या फोनांवर जाऊन थडकले. बोलणी टेस्टरताईंनी खाल्ली. त्यानंतरच तिनं सगळं नव्यानं लिहायला घेतलं होतं.

"बेचाळीस ठिकाणी हे फंक्शन वापरलंय," ती म्हणाली. "आता ते बाहेर निरोप धाडणार, तर प्रत्येक ठिकाणी तशी चिठ्ठी लागणार, नाहीतर कोड चालणारच नाही. ज्याचा कोड, त्यानं लावायची, म्हणजे प्रत्येकाला कळणार. टेस्टरताईंच्याच नऊ जागा आहेत."

पलीकडच्या टेबलावरचं टेस्टरताईंचं टायपिंग थांबलं.

साहेबांनी आवाज खाली आणला. तेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते, वाचून आले होते. चिठ्ठी न लावता डबा फोडायची पळवाट आहे म्हणे.

"आहे ना. तिच्या नावाची सुरुवातच 'असुरक्षित' अशी आहे, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. आणि ती कुणी लिहिली, ते त्या ओळीपुढे कायम दिसतं."

"मग लिहा."

"मी नाही लिहिणार."

"नोकरी कुणाची करता तुम्ही?"

"तुमचीच. म्हणून तर तुमच्या तोंडावर नाही म्हणतेय."

तिनं आपली ओळ पुसली, लॉगआउट केलं, कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला आणि उठली.  

साहेब तिच्या खुर्चीत बसले. स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. योग्य जागा शोधली आणि पळवाटेची पहिली चार अक्षरं टाइप केली. मग त्यांना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. टेस्टरताई पदरानं चष्मा पुसत होत्या.

"थांबलात का? लिहा की," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी चिठ्ठी नव्हती, म्हणून खापर माझ्या नावावर फुटलं. या वेळी नाव तुमचं दिसेल."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीन दिसेल अशा वाकल्या.  साहेबांनी ती चार अक्षरं एकेक करून पुसली.