सातवं पुडकं

काटा शून्यावर आल्याशिवाय ऑटोक्लेव्हचं झाकण उघडायचं नाही. रत्नप्रभा थांबली. चार महिन्यांनी ती या यंत्रापुढे उभी होती, पण वाफेच्या त्या मोठ्या कुकरचे सुस्कारे तिला अजून पाठ होते. काटा खाली टेकला. तिनं झाकण फिरवलं, वाफ जाऊ दिली आणि एकेक पुडकं बाहेर काढलं.

शेजारच्या नोंदवहीत तेजलच्या अक्षरात सहा पुडकी होती. आतून सात निघाली.

सातवं लहान होतं. तपकिरी कागद, एक कोपरा आत दुमडून खोचलेला, वर चिकटपट्टी. पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या झाल्या होत्या. म्हणजे एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं. आत एकही जंतू जिवंत नाही. कोपरा असा खोचायला तेजलला तिनंच शिकवलं होतं. आठ वर्षांपूर्वी, तेजल एम.एस्सी. होऊन अंधेरीच्या या अन्नतपासणी प्रयोगशाळेत नवी नवी आली तेव्हा.

तिनं कागद सोडवला. आत तिचा चहाचा कप होता. निळी फुलं, कानाला टवका.

दर महिन्याला ती सरकारी इस्पितळातून गोळ्या आणायला अर्धा दिवस रजा घ्यायची. नवरा गेला त्याला तेरा वर्षं झाली, तेवढीच वर्षं गोळ्यांना. कोणाला कधी कळलं नाही. या वर्षी एकदा रजेच्या अर्जाला चुकून इस्पितळाची, आजाराचं नाव असलेली चिठ्ठी टाचली गेली आणि आठवड्याच्या आत एचआरच्या नितेशनं तिला तळघरातल्या गोदामात पाठवलं. "तुमच्याच तब्येतीसाठी, मॅडम." तिथं दिवसभर खोक्यांवर पत्ते चिकटवायचे. चहा कागदी पेल्यात यायचा, दारापर्यंत.

एचआयव्ही आहे म्हणून माणसाला असं बाजूला काढता येत नाही, तसा कायदाच आहे, हे तिला गोळ्या देणाऱ्या सिस्टरनं सांगितलं. सरकारनं नेमलेल्या लोकपालांकडे तक्रार गेली. अख्ख्या प्रयोगशाळेत एकट्या तेजलनं तिच्या बाजूनं लेखी जबाब दिला. शेवटी आदेश आला: मूळ जागी, मूळ कामावर घ्या आणि नाव उघड करू नका. आदेशातही तिचं नाव नव्हतं. 'अर्जदार क' होतं.

नितेशनं आदेश तंतोतंत पाळला. नोटीस बोर्डावर परिपत्रक लावलं: 'काचसामान विभागातील कर्मचाऱ्याशी कोणीही भेदभाव करू नये. नाव गोपनीय आहे.' काचसामान विभागात कर्मचारी एकच होती.

आज सकाळी परत कामावर येताच तिनं त्याला तेच विचारलं, तेव्हा तो खरोखरच चकित झाला. "नाव कुठंय त्यात, मॅडम? तुम्हीच दाखवा. कायद्याच्या बाबतीत आपण रिस्क घेतच नाही." मग त्यानं 'माझे पूर्ण समाधान झाले आहे' या कागदाच्या तीन प्रतींवर तिच्या सह्या घेतल्या. त्यात अकरा वाजले. तोवर तेजलनं तिच्यासाठी यंत्राचा पहिला घाणा लावून ठेवला होता. वर येताना रत्नप्रभाला केवढं बरं वाटलं होतं.

"मावशी! उघडलंस पण?" तेजल धावतच आत आली. "मी येत होते ना काढायला."

"यादीत सहा आहेत गो. सात निघाली."

तेजलनं कप पाहिला आणि हातातले ग्लोव्हज काढायला घेतले. एक निघाला, दुसरा बोटांत अडकला.

"लोक बोलतात ना, मावशी. सगळ्यांचे कप एका सिंकमध्ये. म्हटलं, एकदा गुपचूप करून ठेवू, विषय संपला. तुला कळलंही नसतं."

"लोक म्हणजे कोण?"

तेजल अडकलेला ग्लोव्ह ओढत राहिली.

"कपानं होतो काय गो तो आजार?"

"नाही."

"जबाबात काय लिहिलंस?"

"तेच. नाही होत." तेजल कपाकडे बघत म्हणाली. "मला सगळं माहितीये, मावशी. शिकलेय मी ते. पण घरी दीड वर्षाची पोर आहे गं. डोक्याला कळतं, हात ऐकत नाही."

त्या पोरीच्या बारशाच्या घुगऱ्या रत्नप्रभानं केल्या होत्या, बोरीवलीहून पातेलं मांडीवर घेऊन रिक्षानं आणल्या होत्या. तेजलनं दोन वाट्या खाल्ल्या, वर तिसरी मागितली होती. रत्नप्रभानं नोंदवही पुढे सरकवली.

"लिही."

"काय?"

"सातवं. न लिहिता आत काही घालायचं नाही. भिंतीवर कागद तूच लावलायस."

"सोड ना यार, मावशी. ऑडिटवाले बघतात ही वही."

"बघू देत."

तेजलनं पेन घेतलं. वस्तू: चहाचा कप. नग: एक. पुढचा रकाना कारणाचा. त्यात आजवर दोनच शब्द लिहिले जायचे, 'दूषित' नाहीतर 'नेहमीचे'. पेन कागदावर टेकून राहिलं, तिथं शाईचा ठिपका मोठा झाला. रत्नप्रभा बघत राहिली. लिहू नकोस, खोडून टाक, म्हण चुकले, एवढंच तिच्या मनात होतं.

तेजलनं लिहिलं: 'नेहमीचे'.

"म्हणजे उद्यापण?"

तेजलनं पेन खाली ठेवलं. राहिलेला ग्लोव्ह कसाबसा ओढून काढला, डब्यात टाकला आणि ती निघून गेली.

रत्नप्रभानं पुडक्यावरची काळ्या रेघांची पट्टी सोडवली आणि नियमाप्रमाणे त्या ओळीपुढे चिकटवली, अंगठ्यानं दाबून सपाट केली. मग 'काढणाऱ्याचे नाव' या रकान्यात, जिथं एरवी ती नुसतं 'र. घा.' करायची, तिथं सावकाश, एकेक अक्षर सुटं, पूर्ण लिहिलं: रत्नप्रभा धोंडू घाडी.

शाई वाळेपर्यंत तिनं वही उघडीच ठेवली.