हौदा भरलाच नाही

जरा अलीकडे या, इथे सावलीत. मी उभी असते तिथे सावली चांगली ऐसपैस पडते. मोठेपणाचा तेवढाच फायदा आता उरलाय. मी पिकअप बोलतेय, मोठ्या मापाची. जुन्या गाड्यांच्या या आवारात तिसऱ्या रांगेत उभी आहे ना, तीच. येणारे माझ्या चाकांना पायाने ठोकतात, दार दोनदा आपटून बघतात, आत बसून स्टिअरिंग धरतात आणि निघून जातात. चाकाला लाथ मारून माणसाला काय कळतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

वय फार नाही माझं, सहा वर्षं. इंजिन ठणठणीत आहे. पण थकलेय. गाडी ओझ्याने थकते असं लोकांना वाटतं. तसं असतं तर मी आज टवटवीत असते.

कारखान्यात माझ्या पाठीवर हौदा बसवला, तेव्हा त्यात चार माणसं आडवी झोपली असती एवढी जागा होती. शेवटचा बोल्ट आवळणारा माणूस हौद्यावर थाप मारून म्हणाला होता, "हिला कामाला जुंपणार बरं का." मी ते खरं मानलं. खडी, वाळू, लोखंडी गज, असलं काहीतरी माझ्या वाट्याला येणार, संध्याकाळी अंग दुखणार, अशी माझी समजूत होती. समजुतीचं काय, ती फुकट मिळते.

मला घेतलं एका मिस्त्रीने. दारं, खिडक्या आणि कपाटं करणारा माणूस. हात असा की एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा फरकही खपवून घेत नसे. खिडकी बसवायला जायचा तर चौकटीचं माप तीन ठिकाणी घ्यायचा: वर, मध्ये, खाली. शिवाय कोपऱ्यातून कोपऱ्यात.

खरं तर तो माझ्याकडे आलाच नव्हता. शोरूममध्ये माझ्या शेजारी एक धाकटी पिकअप उभी होती. बुटकी, पांढरी, हौदा जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच. ती बघायला तो आपल्या लेकीला घेऊन आला होता. लेकीने नुकतंच कॉलेज संपवलं होतं आणि बापाच्या कारखान्यात उभी राहिली होती. घरात तिला लवंगी म्हणत. का, ते मला पाच मिनिटांत समजलं.

सोबत मिस्त्रीचे थोरले बंधू होते. ते सुतारकाम करत नसत. ते सल्ला देत.

"गाडी घ्यायची तर दुरून दिसली पाहिजे," थोरले काका माझ्या बॉनेटवर बोटं वाजवत म्हणाले.

"काका, आपल्याला सामान पोचवायचंय. दिसायचं कुणाला?"

"तू काल कॉलेजातून बाहेर पडलीस. आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत."

"पाहिलेत ना. छत्री धरून पाहिलेत. ओझं उचलून माझा मामा भिजलाय."

मिस्त्री दोघांच्या मध्ये उभा, कानामागची पेन्सिल काढतोय, परत खोचतोय. तेवढ्यात विक्रेता हळूच म्हणाला, "आणि कधी मोठं सामान आलं तर?"

झालं. त्या एका 'कधी'वर मी विकली गेले. वडीलधाऱ्यांचं एक बरं असतं. बरोबर ठरलं तर अनुभव, चुकलं तर नशीब.

मोठं सामान आलं, नाही म्हणत नाही. पहिल्याच वर्षी एका सभागृहासाठी सोळा फुटी टेबल केलं. ते माझ्या हौद्यात ठेवलं, टोक मागच्या फाळक्यावरून बाहेर आलं, त्याला लाल फडकं बांधलं. त्या दिवशी मी रस्त्यावरून गेले ती अशी, की पुन्हा तशी गेले नाही. थोरले काका पुढे तीन वर्षं त्या टेबलावर जेवत होते म्हणा ना. विषय कुठलाही निघो, "ते सोळा फुटी नेलं की नाही?"

नेलं. एकदा. बाकीच्या दिवशी मी दोन खिडक्या नेल्या. एक दार नेलं. एकदा तर नुसतं एक स्टूल नेलं, ते हौद्यात इकडून तिकडे घरंगळत होतं. हत्तीच्या पाठीवर पोपटाचा पिंजरा.

मिस्त्रीची गिऱ्हाइकं राहत गावाच्या जुन्या भागात. तिथल्या गल्ल्या अशा की समोरासमोरच्या घरातल्या बायका हात लांब करून वाटी देतात-घेतात. मी गल्लीच्या तोंडाशी थांबायचे. तिथून सामान पाठीवर घेऊन मामा आत जायचा.

मामा म्हणजे लवंगीच्या आईचा भाऊ. चोपन्न वर्षांचा, बुटका, रुंद. आयुष्यभर त्याने एकच काम केलं: उचलायचं आणि न खरवडता पोचवायचं. त्यासाठी पाठीवर गोधडीची घडी टाकायचा. कपाट घेऊन जिना चढताना त्याने कुठल्या भिंतीचा पोपडा उडवला, असं कधी झालं नाही. पण माझा हौदा त्याच्या छातीशी यायचा. प्रत्येक वस्तू आधी छातीपर्यंत उचला, मग आत ढकला. उतरवताना पुन्हा तेच.

"ही गाडी सामान पोचवत नाही," मामा मला टेकून धापा टाकत म्हणायचा, "सामानाला फिरायला नेते."

मिस्त्री ऐकून हसायचा. हसण्यावारी नेलं की प्रश्न सुटला, असं घरातल्या मोठ्यांना का वाटतं कोण जाणे.

लवंगी हसत नसे. चौथ्या वर्षी तिने वेगळंच काढलं. रोज सामान भरून झालं की ती हौद्यात चढायची आणि सामान जिथे संपतं तिथे माझ्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक उभी रेघ मारायची. रेघेखाली तारीख. मला आधी गुदगुल्या झाल्या, मग सवय झाली. सहा-सात महिन्यांनी मिस्त्री मला धुवायला आत उतरला आणि पाण्याचा पाइप हातात घेऊन तसाच उभा राहिला. पुढच्या भागात, केबिनला लागून, रेघांवर रेघा, गवत उगवावं तशा. मधला हौदा कोरा. आणि पार मागे, फाळक्याशी, एकच रेघ.

"हे काय गिरगटून ठेवलंयस?"

"सामान कुठवर येतं ते."

"आणि ही मागची एकटी?"

"सोळा फुटी टेबल. ती आठवणीने काढली. तुमच्यावर अन्याय नको."

मिस्त्रीने फडकं ओलं केलं आणि सगळ्या रेघा पुसल्या. जोर लावून पुसल्या. दोन दिवस तो लेकीशी कामापुरतंच बोलला. मला वाईट वाटलं ते याचं, की त्या रेघा त्याने नीट वाचल्या होत्या. न कळलेला माणूस रागावत नाही.

त्याच महिन्यात मामाची पाठ गेली. सहा खणांचं एक टेबल माझ्यावर चढवताना त्याच्या कंबरेत उसण भरली. तो ओरडला नाही. टेबल आत पोचेपर्यंत त्याने धरून ठेवलं, मग माझ्या फाळक्याला दोन्ही हातांनी धरून तसाच वाकून उभा राहिला. मला त्याला धरता आलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने काही उचलायचं नाही. पुढे उचललंत तरी कमरेच्या वर नाही.

कारखान्याच्या ओट्यावर सगळे बसले होते. मामाच्या पाठीशी शेकायची पिशवी. मी समोरच उभी, त्यामुळे सगळं ऐकलं.

"दाजी, मला दुसरं काही येत नाही," मामा मिस्त्रीला म्हणाला. "उचलणार नाही तर मी इथे यायचं कशाला? गप्पा मारायला?"

थोरले काका घसा साफ करून म्हणाले, "वय झालं की माणसाने थांबावं. एखादा तरुण गडी बघा."

लवंगी उठून उभी राहिली. "म्हणजे माणूस बदलायचा, पण गाडी नाही?"

"मोठ्यांशी बोलायची ही रीत?"

"रीत तुम्ही सांगा, काका. मामा तुमच्याही घरची कपाटं पाठीवरून घेऊन आलाय. त्याला घरी बसायला तुम्ही सांगा, त्याच्या डोळ्यांत बघून सांगा."

काकांनी चहाच्या कपात बघितलं. मामा म्हणाला, "लवंगे, बस खाली. माझ्यावरून भांडू नका." हे तो एवढं हळू म्हणाला की लवंगी खरंच बसली.

मिस्त्री मात्र पेटला. बायकोच्या भावापुढे, लेकीपुढे, थोरल्या भावापुढे त्याला काहीतरी वाचवायचं होतं. "गाडी आत जाते," तो म्हणाला. "आपण कधी घातलीच नाही. उद्या बाईंचं कपाट दारात उतरवू. कुणाला पाठीवर घ्यायलाच नको."

बाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट माझ्यावर चढवलं, मिस्त्रीने आरसे दुमडले आणि मला गल्लीत घातलं. मला ठाऊक होतं. गाडीला आपलं अंग कळतं. पण चालवणारा ऐकत नसेल तर गाडी काय करणार?

मामा घरी बसला नव्हता. तो पुढे उलटा चालत हाताने खुणा करत होता. "येऊ द्या. येऊ द्या. डावीकडे जरा. येऊ द्या." मग म्हणाला, "थांबा." मग म्हणाला, "दाजी, थांबा म्हणतोय मी."

दोन्ही अंगांना भिंती लागल्या. मी पुढे जाईना. उजवं दार चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. डावं तेवढंही उघडेना. माझ्यात बसलेला मिस्त्री काचेतून बाहेर बघत राहिला. गल्लीतली दारं उघडली, खिडक्या उघडल्या, जिन्यांवर माणसं जमली.

"कपाटाचं नंतर बघू," शिक्षिकाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "आधी माणूस बाहेर काढा."

माझ्या केबिनला मागे एक सरकती काच आहे, हौद्याकडे उघडणारी. मिस्त्री त्यातून निघाला. आधी डोकं, मग एक खांदा, मग अडकला, मग पोट आत घेऊन दुसरा खांदा. वरच्या मजल्यावरून एक बाई म्हणाली, "मिस्त्री, आयुष्यभर खिडक्या केल्यात, आज एक उपयोगाला आली." गल्ली हसली. मिस्त्रीही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

तो हौद्यात बाईंच्या कपाटाशेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने खिशातला टेप काढला, कडेवरून वाकला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. मग माझी रुंदी मोजली. पुन्हा मोजली. जो माणूस चौकट बसवण्याआधी तीन ठिकाणी माप घेतो, त्याने चार वर्षांत ही गल्ली एकदाही मोजली नव्हती.

लवंगी खाली उभी होती. ती काही बोलली नाही. माझ्या अंदाजाने तिच्या आयुष्यातलं ते सर्वात कठीण मिनिट असावं.

"उतरा, दाजी," एका घरातून वळसा घालून मागे आलेल्या मामाने हात पुढे केला.

मिस्त्रीने तो हात बघितला. "तू नको," तो म्हणाला. "तुला वजन घ्यायचं नाही." मग लेकीकडे वळून म्हणाला, "तू दे हात."

लेकीने हात दिला. मग तीच सरकत्या काचेतून आत शिरली आणि मामाच्या खुणांवर मला इंच इंच मागे घेतलं. दोन्ही बाजूंचा रंग भिंतींना गेला, भिंतींचा चुना मला लागला. तो अजून आहे, हे बघा, डाव्या दारावर. मिस्त्री शेजाऱ्यांच्या पायरीवर उभा राहून बघत होता. मध्ये एकदाही त्याने "हळू" म्हटलं नाही.

त्यानंतर मला फारसं बाहेर काढलं नाही. कारखान्यामागे उभी केली. पानं पडली, मांजर व्यालं, पावसाचं पाणी हौद्यात साचलं. दोन वर्षं असं गेलं, कारण थोरले काका "गाडी विकणं म्हणजे हार मानणं" म्हणत होते आणि मिस्त्री थोडं-थोडं ऐकत होता. अखेर मागच्या महिन्यात लवंगीने मला इथे आणून सोडलं.

गेल्या आठवड्यात मामा आला होता. माझी दुसरी चावी द्यायची राहिली होती. ज्या गाडीतून आला ती त्याने माझ्या शेजारी लावली. मिस्त्रीने मला मागे उभं केलं त्याच महिन्यात घेतलेली धाकटी, बुटकी, हौदा गुडघाभर उंच. मामा स्वतः चालवत आला होता, पाठीमागे उशी ठेवून.

"तुम्ही किती वर्षं गाडी चालवताय?" आवारातल्या रखवालदाराने विचारलं.

"दोन वर्षं झाली. भाचीने शिकवलं. ओरडते फार. पण आता दारापर्यंत जातो, दोन फळ्या टाकतो, कपाट घसरत खाली येतं. उचलायचं कामच नाही."

"आणि ही मोठी कशी आहे हो? म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता येईल."

मामाने माझ्याकडे बघितलं. "गाडीत खोट नाही. घेणाऱ्याला विचारा, बाबा रे, तू रोज नेतोस काय."

मग तो धाकटीचा फाळका खाली सोडून त्यावर बसला आणि रखवालदाराने दिलेला चहा प्यायला. माझ्या फाळक्यावर बसला की त्याचे पाय अधांतरी लोंबायचे. त्या दिवशी ते जमिनीला टेकले होते. दोन्ही, सपाट.

मी रुसले नाही. मला जुंपणारा कुणी भेटला नाही, एवढीच माझी गोष्ट. कुठे तरी खाण असेल, कुठे गुरं न्यायची असतील, कुणी रोज दोन टन विटा वाहत असेल. त्याला माझा पत्ता द्या.

आणि तुम्ही स्वतःसाठी बघायला आला असाल, तर आत बसण्याआधी मागे या. हौद्यात बघा आणि मनातल्या मनात तुमचं रोजचं सामान आत ठेवा. सणासुदीचं नाही, रोजचं. तळ झाकला गेला तर चला, मी तयार आहे. नाही झाकला, तर पहिल्या रांगेत टोकाला एक छोटी उभी आहे, तिला घेऊन जा. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे थोडं वाटेल, पण ते माझं मी बघेन.