तांबड्या ग्रहावरची निरगाठ

तुम्ही कधी इतका वाईट सिनेमा पाहिला आहे का, की बघताना पोट धरून हसावं आणि हसता हसताच त्यातल्या माणसांची काळजी वाटायला लागावी?

मी पाहिला आहे, आणि एकदा नाही, गेल्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी. 'तांबड्या ग्रहाचे पाहुणे' असं त्याचं नाव. चाळीसएक वर्षांपूर्वी मुंबईच्या कुणा हौशी माणसाने तो आमच्या रत्नागिरीजवळच्या सड्यावर काढला, कारण तिथला कातळ लाल, मैलभर उघडा, आणि त्याला मंगळासारखा वाटला. सिनेमा कुठल्या थिएटरला लागल्याचं कुणाला आठवत नाही. माझी मुलगी नेत्रा मुंबईला नोकरी करते. ती आणि तिच्या ऑफिसातली चार मुलं शनिवारी जमून मुद्दाम असले जुने, स्वस्तातले सिनेमे बघतात, त्यातल्या चुका मोजतात आणि खिदळतात. त्यांनाच हा इंटरनेटवर सापडला.

"आई, आजोबांनी काम केलेला सिनेमा तो हाच ना गं?" तिने फोनवर विचारलं, तेव्हा मी गॅस बंद करून खाली बसले.

माझे वडील भागोजी, होडीवर जाणारे. मी तीन वर्षांची असताना भाद्रपदात त्यांची होडी गेली ती आलीच नाही. त्यांचा एकच फोटो होता, मच्छीमार सोसायटीच्या कार्डावरचा, आणि तो खाऱ्या ओलीने असा खाल्ला की चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग तेवढा राहिला. मला त्यांचा हात आठवतो, मिशी टोचल्याचं आठवतं, पण चेहरा आठवत नाही. तो चेहरा ओळखणारं माणूस आता एकच उरलंय, माझी आई तुळसा, आणि दोन वर्षांपासून तिची आठवण विरत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, आधी कालचं जाईल, मग जुनं. ती मला कधी गुणा म्हणते, कधी नुसतं "बाय" म्हणून परक्या बाईशी बोलावं तशी बोलते. म्हणून मला घाई होती. ती विसरायच्या आत मला बाबांचा चेहरा बघायचा होता, आणि "हाच" असं तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

नेत्राने सिनेमा पेनड्राइव्हवर घालून पाठवला. आमचे हे दूर लोटे गावी कंपनीत कामाला, रविवारी तेवढे घरी येतात, त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघीच. जेवणं झाली की मी पडदा ओढायची, आईला खुर्चीत बसवून टीव्ही लावायची.

काय सांगू त्या सिनेमाचं. अवकाशयान म्हणजे दोन इडलीपात्रं एकमेकांवर पालथी घातलेली, आणि ज्या दोरीला ती टांगली होती ती दोरी दर वेळी उन्हात चमकायची. यान उडताना खालून दिवाळीचा भुईनळा पेटवलेला. यानाच्या आत घरातला स्विचबोर्ड आणि एक ट्रान्झिस्टर, आणि त्यावर बोटं फिरवणारे शास्त्रज्ञ गंभीर आवाजात म्हणतात, "या ग्रहावर सजीवांचं कोणतंही चिन्ह नाही," तेव्हा त्यांच्या मागे एक गाय शांतपणे चरत असते. पुढे एकदा क्षितिजावरून लाल एसटी जाते. नेत्राची मित्रमंडळी याच जागी सर्वांत जास्त हसतात म्हणे. आम्हीही हसलो. आई तर डोळे पुसून हसली.

पण मला तो सिनेमा आवडायलाही लागला. चांगल्या सिनेमात सगळं इतकं खरं असतं की ते कुणी केलं हे कळतच नाही. इथे मात्र प्रत्येक वस्तूच्या मागे कुणाचा तरी हात दिसत होता. कुणीतरी इडलीपात्र घरून मागून आणलं असेल, कुणीतरी भुईनळा पेटवून पळालं असेल. इतक्या मनापासून केलेलं खोटं मी दुसरं पाहिलं नाही.

मंगळावरची माणसं सात. सगळी आमच्याच वाडीतली, होडीवरची; आता त्यांतलं कुणी उरलेलं नाही. अंगात चंदेरी रंग दिलेलं जुनं जाळं, डोक्यावर पालथी घातलेली, गळ्यापर्यंत येणारी चंदेरी कागदाची टोपली, तोंडाच्या जागी चहाची गाळणी. पायांपर्यंत येईतो सामान संपलं असावं, कारण सातही जण अनवाणी आहेत. शेवटच्या प्रसंगात ते एका रांगेत येतात, डोक्यावरच्या टोपल्या काढतात, आणि आत आपल्यासारखीच माणसं आहेत हे बघून शास्त्रज्ञ हात जोडतात.

सहाजण टोपल्या काढतात. उन्हाने डोळे बारीक करून, लाजत हसतात. सातवा तेवढा मागे, करवंदाच्या जाळीआड उभा, टोपलीसकट. तो माझा बाप.

आईने ती गोष्ट मला लहानपणापासून पुष्कळदा सांगितली होती. सड्यावर वारा फार, टोपल्या उडत होत्या. ती भाकरी घेऊन गेली होती, तिने बघितलं आणि आपल्या नवऱ्याची टोपली तरी नीट बसावी म्हणून जाळं विणायची सुई घेऊन गळ्याभोवती टोपली जाळ्याला शिवून टाकली. हात सवयीचा. जाळ्याच्या तळदोराला मारतात तशा निरगाठी, ओढावं तितक्या घट्ट बसणाऱ्या. संध्याकाळी टोपल्या काढायची वेळ आली तेव्हा त्या सुटेनात. सड्यावर सुरी नव्हती, ऊन उतरत होतं, सिनेमावाला ओरडला की राहू दे, तू मागे जाऊन उभा राहा. घरी आल्यावर तिने गाठी कापल्या, आणि दोघं खूप हसली होती.

पुढच्या वर्षी होडी गेली. त्यानंतर माझ्या आईने कशालाही निरगाठ मारली नाही. तांदळाच्या पोत्याला, माझ्या परकराच्या नाडीला, घागरीच्या दोरीला, सगळ्याला सुरगाठ, एका हिसक्यात सुटणारी.

म्हणजे सिनेमात चेहरा नव्हताच, हे मला ठाऊक होतं. तरीही मी बघत होते. वाटायचं, टोपलीच्या फटीतून काही दिसेल, किंवा बघता बघता आईला आठवेल आणि ती नाक कसं होतं, कपाळ कसं होतं, एवढं तरी सांगेल.

दहा-बारा दिवसांनी माझ्या एक लक्षात आलं. बाबा करवंदाच्या जाळीच्या मागे असायचे, पाय झाकलेले. त्या दिवशी ते जाळीच्या पुढे होते, आणि पाय दिसत होते.

आधी वाटलं, माझीच चूक. रोज रोज बघून माणसाचं असंच होतं. पण मन थाऱ्यावर राहीना. दुसऱ्या दुपारी तो प्रसंग आला तेव्हा मी सिनेमा थांबवला, कपाळावरची टिकली काढली आणि टीव्हीच्या काचेवर नेमकी त्यांच्या पायांशी चिकटवली. पुढच्या दुपारी त्याच जागी पुन्हा थांबवला, तर ते टिकलीच्या दोन बोटं पुढे होते.

मी नेत्राला फोन केला आणि तिच्याकडे बघायला सांगितलं.

"मागेच आहेत गं, झुडपाजवळ," ती म्हणाली. "आई, चष्म्याचा नंबर कधी तपासलास?"

"मागच्या दिवाळीत."

"मग दुपारचं जरा झोपत जा. दोघी मिळून काय तोच तो सिनेमा बघता?"

मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दुपारी नवी टिकली लावली.

महिन्याभरात काचेवर टिकल्यांची एक तिरकी ओळ झाली. रविवारी हे आले, त्यांनी बघितलं, म्हणाले, "टीव्हीची पूजा करतेस काय?" आणि बातम्या लावल्या. टिकल्यांच्या मागे मंत्री बोलत राहिले. यांना सांगण्यासारखं काय होतं?

आईला मात्र कशाचंच नवल नव्हतं. एकदा मी न राहवून विचारलं, "आई, ते पुढे येतायत असं तुला दिसतं का गं?"

"मग? येणार नाय तर काय करील?" ती पदराने वारा घेत म्हणाली. "पायात काय नाय त्याच्या. कातळ तापलाय. सावकाशच येणार, गो."

त्यानंतर मी टिकल्या लावणं थांबवलं. एक तर ते आता बाकीच्या सहाजणांच्या पुढे आले होते, आणि दुसरं म्हणजे त्यांचे हात. हात आधी खाली असायचे. आता ते गळ्याशी होते आणि बोटं गाठी चाचपत होती. सहाजण मागे हसत उभे, शास्त्रज्ञ हात जोडून उभे, आणि सगळ्यांच्या पुढे हा एक माणूस, गळ्याजवळच्या गाठींशी झगडणारा. भीती वाटायला हवी होती. मला वाटायचं ते एवढंच, की कुणीतरी त्याला मदत करा.

वैशाखातल्या त्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "गुणा, माझी सुरी कुठं हाय?"

तिची ती लाकडी मुठीची लहान सुरी, जाळं कापायची, माझ्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत होती. आईने किती दिवसांनी मला नावाने हाक मारली होती, त्या आनंदात मी ती काढून दिली.

"कशाला गं?"

"कैरी कापीन."

मी दोन कैऱ्याही पुढ्यात ठेवल्या. तिने एक कापली, मीठ लावून मला दिली, आणि सुरी पुसून ओच्याला खोचून ठेवली.

दुपारी सिनेमा लावला. इडलीपात्र उडालं, गाय चरली, एसटी गेली. आई त्या दिवशी हसली नाही. शेवटचा प्रसंग यायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात मला आठवलं की गच्चीवर आमसुलं वाळत घातली आहेत आणि ती पालटायची राहिली आहेत. खरं सांगायचं तर मला तो प्रसंग त्या दिवशी बघवणार नव्हता. मी वर गेले. आमसुलं पालटली, कावळा हाकलला, जिन्याच्या सावलीत थोडी टेकले. दहा मिनिटं गेली असतील.

खाली आले तेव्हा सिनेमा संपून पडदा निळा झाला होता. आई खुर्चीतच होती, जशी बसवली होती तशीच, फक्त तिचा श्वास चढाव चढून आल्यासारखा चालला होता आणि कपाळावर घामाचे थेंब होते. सुरी मांडीवर होती.

"सुटली गो," ती म्हणाली.

मी रिमोट घेऊन सिनेमा मागे नेला. सहाजणांनी टोपल्या काढल्या, हसले. सातवा पुढे नव्हता. तो दूर, करवंदाच्याही पलीकडे, सड्याच्या टोकाकडे चालला होता, आमच्याकडे पाठ करून. टोपली त्याच्या हातात होती. दाट काळे, कुरळे केस वाऱ्यावर उडत होते. मी उठून काचेला नाक लावलं, थांबवून बघितलं, पुढे नेलं, पुन्हा मागे आणलं. एकदाही त्याने वळून बघितलं नाही.

मग मी आईच्या पायाशी बसले आणि माझा इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. "कसा दिसत होता, आई?"

 तिने माझ्या भुवईवरून अंगठा फिरवला, मग नाकावरून, मग हनुवटीवर आणून थांबवला, जशी बाजारात एखादी वस्तू पारखावी.

"असाच," ती म्हणाली. "पण तू म्हातारी झालीस. तो नाय."

मला हसू आलं आणि रडूही.

"मला आधी ओळखलान नाय," ती पुढे म्हणाली, थोडी लाजून. "कोण आजी म्हणून विचारलान. मग गाठ कापताना माझा हात बघितलान, तेव्हा ओळखलान."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, किती वेळ लावलास."

तिने सुरी माझ्या हातात दिली. पात्याला कैरीचा वास होता. मी ती ट्रंकेत ठेवली. आई संध्याकाळी नीट जेवली, पेजेला मीठ कमी आहे म्हणून मला बोलली, आणि नऊच्या आत झोपली. तिला झोप लागेपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते. घर एवढंसं, दोन खोल्या आणि जिना, आणि गुडघ्यांमुळे दिवाळीपासून तिने आमचा उंबरा ओलांडलेला नाही, हे मी इथे सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवायला गेले, अंगावरची चादर बाजूला केली, तेव्हा आईच्या दोन्ही तळपायांना भाजल्याचे टपोरे फोड आलेले होते.