उगवत पक्षाचं उद्यापन

मी परात बोलतेय. पितळेची, दोन कड्यांची, काठाला बोटभर पोचा असलेली. हसणार नसाल तर सांगते: मीही एकदा व्रत धरलं होतं. अकरा सोमवार वाजायचं नाही. बायका मीठ सोडतात, भात सोडतात. परातीपाशी सोडण्यासारखं असतं काय? आवाज. तो मी सोडला, आणि मागणं एवढंच मागितलं, की शेजारणीच्या, खतिजाच्या बोळात पाण्याचा नळ यावा.

माझा जन्म कोल्हापुरातला, तांबटाच्या हातोड्याखालचा. शिरोळच्या एका बापानं मला लेकीच्या आंदणासाठी घेतलं. म्हणजे मी कोल्हापूरहून शिरोळला गेले आणि वरातीतून पुन्हा कोल्हापूरला आले. ती लेक म्हणजे बयाबाई. आठवड्याच्या सात वारांपैकी पाच तिनं देवांना वाटून टाकलेले. उरलेल्या दोन वारी जेवायची, तेही देवाला विचारून.

तिचे मालक गणपतराव. तोंडानं तिखट, आतून लोण्याचा गोळा.

शाहू महाराजांच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. जो तो सभा भरवत होता आणि ठराव करत होता. आमच्या पेठेत मधोमध एक उंबर होता. उंबराच्या उगवतीला राहणाऱ्यांचा उगवत पक्ष, मावळतीला राहणाऱ्यांचा मावळत पक्ष. पेठेची एक पाणी कमिटी होती, सात जणांची. त्यात उगवतीचे चार, मावळतीचे तीन. गणपतराव त्या चारांतले एक.

"तुमच्या दोन पक्षांत फरक काय वो?" बयाबाईनं एकदा विचारलं.

"ते म्हणत्यात त्याच्या उलट आमी म्हणतो."

"आणि तुमी म्हणता त्येच्या?"

"त्येच्या उलट ते."

"मग झालं की समदंच म्हणून," असं म्हणून ती भाकरी थापायला लागली.

एक दिवस उगवत पक्षाचे म्होरके पिराजीराव घरी आले. सगळ्यांनी बेलभंडारा उचलून पक्षाची आण घ्यायची होती. त्यासाठी तबक हवं होतं. पण त्यांची बायको चिमणाबाई देव्हाऱ्यातलं तबक देईना. "तुमच्या आणाभाकांनी तडा जाईल त्याला," म्हणाली. मग मला नेलं. पीठ मळून नुकतीच विसळलेली मी, काठाला कणीक चिकटलेली. माझ्यात बेलाची पानं ठेवली. भंडारा आणायला कोणी विसरलं होतं, म्हणून बयाबाईच्या डब्यातली हळद ओतली. चौघांनी बेल उचलला आणि म्हटलं, "उगवत पक्ष म्हणेल तेच माझं म्हणणं."

त्यानंतर पेठेत जे सुरू झालं, ते परातीच्या डोक्यात मावेना. मावळतीचा गुंडूअण्णा म्हणाला, "पाऊस आला." लगेच उगवतीच्या चौघांनी छत्र्या मिटल्या आणि चिंब भिजत म्हणाले, "कोरडं ठण्ण हाय!" मावळतीनं सभा सोमवारी ठेवली, तर उगवतीनं ठराव केला, की त्या दिवशी मंगळवार आहे. तेव्हापासून उगवतीचा वार एक दिवस पुढं धावू लागला. बयाबाई गोंधळली. पक्षाचा सोमवार रविवारी यायचा, देवाचा सोमवारी. तिनं दोन्ही दिवस उपास धरला. देवाला ह्या भांडणात ओढायला नको, म्हणाली.

आमच्या घरामागं एक बोळ होता. तिथं शमशुद्दीन कल्हईवाला राहायचा. वर्षातून एकदा तो मला निखाऱ्यावर धरून अशी उजळायचा, की मी दोन दिवस लाजत असे. त्याची बायको खतिजा. त्या बोळाला पाणी नव्हतं. लांबच्या विहिरीवरून खतिजा दिवसाला बारा खेपा करायची. श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि मनगट मोडलं. बयाबाईनं लेप बांधला. गणपतराव दारात उभे राहून बघत होते. त्यांना राहवेना.

"खतिजा, बोळात नळ आणतो. शब्द हाय माझा."

"भाऊ, शब्दानं घागर भरत न्हाय," खतिजा म्हणाली. "पण तुमचा हाय, म्हणून ठिवते."

त्या दिवसापासून शमशुद्दीन डाव्या खांद्यावर कल्हईचा भाता आणि उजव्या खांद्यावर घागर घेऊन फिरू लागला. मी व्रत धरलं ते तेव्हा. पक्षाच्या वाराची भानगड होतीच, म्हणून मीही दोन्ही दिवस गप्प बसायचं ठरवलं. अकराचे बावीस झाले. एकदा मांजरानं फडताळावरून पाडलं. पडता पडता मी ज्वारीच्या पोत्याकडं कशी वळले, ते माझं मलाच माहीत.

आणि मग घात झाला. नळाचा ठराव कमिटीपुढं आणला तो गुंडूअण्णानं. म्हणजे मावळतीनं! म्हणजे उगवतीनं विरोध करणं आलंच.

गणपतरावांची दशा बघवेना. जेवताना एक घास पक्षाचा घ्यायचे, एक घास शब्दाचा, आणि दोन्ही घशात अडकायचे. परसात उभं राहून हात वर करायचा सराव करायचे. उजवा हात वर जायचा, डावा त्याला खाली ओढायचा.

"अवो, हात हाय का रहाट?" बयाबाई म्हणाली.

ते माझ्याशेजारी बसले. "बये, त्या दिवशी परातीत भंडारा न्हवता. तुझी हळद हुती. मग ती आण काय खरी न्हवं. व्हय की न्हाय?"

बयाबाईनं कणकेत पाणी घातलं. "हळद माझी हुती. आण तुमची हुती."

"मग मरू का मी? हिकडं आण, तिकडं शब्द!"

"त्या व्रताचं उद्यापन कधी हाय?"

"कुठल्या?"

"पक्षाच्या."

"पक्षाचं कसलं आलंय उद्यापन! खुळी का काय!"

"सोळा सोमवाराला सतरावा सोमवार हाय. जे धरलं त्येला सोडायचा दिवस असतोय. यवस्थित जेवू घालून, पाया पडून सोडायचं. टाकून द्यायचं न्हाय, आणि पळूनबी जायाचं न्हाय."

गणपतरावांनी माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पुरण घाल."

कमिटीच्या आदल्या दिवशी माझ्यात पोळीची कणीक अशी मळली, की माझी पाठ मोडून निघाली. पिराजीराव, चिमणाबाई आणि पक्षाचे बाकीचे दोघे जोडीनं जेवायला आले. पक्षाच्या वारानं तो सोमवार, म्हणजे उपासाचा दिवस होता, पण पोळी बघून तिघा पुढाऱ्यांनी बसल्या जागी ठराव केला, की आज रविवारच आहे. पोळ्या, कटाची आमटी, वर तूप. पिराजीरावांनी पोटावरून हात फिरवला. बयाबाईनं बायकांच्या ओट्या भरल्या, जोड्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "उद्यापन सुफळ झालं म्हणा."

"सुफळ झालं गं बाई!" चिमणाबाई म्हणाली.

"सुफळ झालं!" पिराजीरावांनी ढेकर देत म्हटलं. "कशाचं हुतं?"

"ह्यांच्या पक्षाच्या व्रताचं."

पिराजीरावांची मिशी खाली आली. "आता काय वकायचं व्हय आमी?"

"जेवलायसा, म्हणालायसा, आता न्हाय म्हणता येत न्हाय," चिमणाबाईनं नवऱ्याला दटावलं. "माझ्या तबकाला काय झालं न्हाय, हे माझं नशीब."

"गणपा, म्हंजे तू मावळतीला गेलास?"

गणपतराव हात जोडून म्हणाले, "पिराजीराव, उद्यापन झालं म्हणून बाई देव सोडती व्हय? उद्या माझा हात खतिजाच्या बोळासाठी वर जाणार. परवा बोलवा, पुन्यांदा बेल उचलतो. पण उद्या न्हाय."

पिराजीराव चपला घालून गेले. एका पायात त्यांची होती, दुसऱ्यात चिमणाबाईची.

दुसऱ्या दिवशी उंबराखाली कमिटी बसली. माझा अकरावा सोमवार. गणपतरावांना लाज वाटावी, म्हणून पिराजीरावांनी मला बेल आणि हळद घालून मधोमध ठेवलं. बोळाच्या तोंडाशी खतिजा उभी होती, मोडलेला हात ओढणीत धरून. लोक गप्प बसावेत म्हणून पिराजीरावांनी माझ्या पाठीवर सोटा हाणला. मी जीव आवळून धरला. थप्प! कणकेच्या गोळ्यावर मारल्यागत आवाज आला. सगळे खरंच गप्प झाले.

"बोळाला नळ द्यावा, असं ज्यास्नी वाटतंय त्यांनी हात वर करा," पिराजीराव म्हणाले.

मावळतीचे तीन हात वर गेले. मग गणपतरावांचा चौथा. डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता त्यांनी.

गुंडूअण्णानं डोळे विस्फारले. "उगवतीचा माणूस हो म्हणतोय? मग आमचा विरोध!" आणि मावळतीचे तिन्ही हात खाली आले.

आता एकटा हात उभा राहिला. खतिजानं तोंड फिरवलं. माझ्यातली बेलाची पानं वाऱ्याविना हलली, असं मला वाटलं. गणपतराव मात्र हात खाली घेईनात. घाम कोपरावरून टपटपत होता, पण हात वरच. "हसा खुशाल," ते म्हणाले, "आज माझा येकट्याचा हाय ह्यो."

पिराजीरावांनी त्या हाताकडं पाहिलं. मग मावळतीच्या खाली गेलेल्या हातांकडं. मग पुन्हा त्या हाताकडं.

"मावळतीचा विरोध हाय न्हवं?" ते सावकाश म्हणाले.

"हाय!" गुंडूअण्णा ओरडला.

"मग उगवतीनं काय करायचं, ते परातीवर ठरलंय आमचं." पिराजीरावांचा हात वर गेला. त्यांच्या मागोमाग दोघांचा. चाराविरुद्ध तीन. नळ मंजूर!

लोक म्हणतात, नळ खुळचटपणानं आला. बयाबाई म्हणते, देवाला जी वाट मोकळी दिसते त्या वाटेनं तो येतो. मला विचाराल, तर तो एक हात त्या वेळी खाली आला असता, तर बाकीचे वर कशाला गेले असते?

गणपतरावांनी परवाच्या दिवशी, म्हणजे पक्षाच्या तेरवाला, पुन्हा बेल उचलला. या वेळी पिराजीरावांनी आधीच विचारलं, "उद्यापन कंच्या महिन्यात?" चिमणाबाईनं स्वतःहून तबक दिलं.

आता माझा तळ झिजलाय. कल्हई धरत नाही. बयाबाईनं मला खतिजाला दिलं, आणि खतिजानं नळाखाली ठेवलं. घागर भरताना सांडतं ते पाणी माझ्यात साठतं. शमशुद्दीनच्या शेळ्या पितात, पेठेतली चिमणीपाखरं पितात. उगवतीची कोण नि मावळतीची कोण, मी विचारत नाही.

जाता जाता एवढंच मागते. तुम्हीही एखादं व्रत धरा. देवाचं धरा, पक्षाचं धरा, मनापासून धरा. पण धरतानाच उद्यापनाचा दिवस ठरवा. आणि शेजारणीच्या घागरीसाठी कधी हात वर करायची वेळ आली, तर पुरण घाला, माणसं जेवू घाला, आणि उजवा हात वर करा. डावा मांडीखाली दाबून ठेवलात तरी चालेल.