‘गाठ’ आणि ‘सरकी’चं विलीनीकरण

यवतमाळच्या संघदीप खोब्रागडेच्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव होतं ‘गाठ’. जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापूस किती आला, रुईच्या गाठी किती बांधल्या, सरकी किती निघाली, ते सगळं तिच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलं जायचं. दारव्हा रोडवर टायरच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. मुंबईच्या एका फंडाने या कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता. असे फंड कंपनी घेतात, चार-पाच वर्षं तिला वाढवतात आणि चढ्या भावाने दुसऱ्याला विकून मोकळे होतात. संघदीपने हे घरी समजावून सांगितलं तेव्हा त्याची आई रुखमाबाई म्हणाली, “म्हंजे बोकड चारून इकतेत, तसंच ना?”

संघदीपने बराच विचार केला आणि म्हणाला, “हाव.”

फंडाकडून निकिता नावाची ठाण्याची मुलगी दर महिन्याला यायची. हुशार होती, मनानेही चांगली. पण ‘वाढ’ हा शब्द आल्याशिवाय तिचं एक वाक्य पुरं होत नसे. पहिल्या वर्षी तिने गिऱ्हाइकांचे दर बदलले. वर्षाला ठरावीक रक्कम घ्यायची ती बंद केली आणि दर गाठीमागे आकार लावला. कापूस वाढतच जाणार, असं तिच्या तक्त्यात होतं. दुसऱ्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. बोंडं आतून पोखरली, जिनिंगा ओस पडल्या आणि तक्त्यातली वर निघालेली रेघ तोंड फिरवून खाली आली.

“आतून वाढ होत नसेल तर बाहेरून विकत घ्यायची,” निकिता म्हणाली. “पांढरकवड्याची ‘सरकी’ घेऊन टाकू.”

संघदीपने चहाचा कप खाली ठेवला. “थे सोडून काहीबी घ्या, मॅडम. खालचं टायरचं दुकान घ्या.”

‘सरकी’ कंपनी खेमसिंग राठोडची. तो आणि संघदीप कॉलेजात एका खोलीत राहिले, आणि ‘गाठ’चा पहिला प्रोग्राम दोघांनी मिळून लिहिला होता. मग फुलसावंगीला खेमसिंगचं लग्न झालं आणि त्या लग्नात संघदीप कोणाला दिसलाच नाही. वणीच्या एका जिनिंगमधला प्रिंटर बिघडला होता, असं त्याने नंतर सांगितलं. “माह्या लग्नापेक्षा तुले प्रिंटर मोठा झाला,” असं म्हणून खेमसिंगने वेगळी कंपनी काढली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणं तेवढं चालू होतं.

निकिता एकटीच पांढरकवड्याला जाऊन आली. बोंडअळीने खेमसिंगचंही कंबरडं मोडलं होतं, त्यामुळे तो तयार झाला. पण संघदीपने स्वतः येऊन विचारावं, ही त्याची अट. संघदीप त्याच्या ऑफिसची पायरी चढेना, तो याच्या जिन्याकडे बघेना. शेवटी मोहद्याजवळच्या एका धाब्यावर भेटायचं ठरलं.

धाब्यावरही दोघे वेगवेगळ्या टेबलांवर बसले, एकमेकांकडे पाठ करून. खेमसिंगची बायको उर्वशी सोबत आली होती. ‘सरकी’त तिचा अर्धा वाटा होता, गिऱ्हाइकांचे फोन आणि वसुली दोन्ही तीच सांभाळायची. तिने भजी मागवली आणि खाताना कटकट नको म्हणून तिसरं टेबल धरलं. निकिता लॅपटॉप घेऊन मधे उभी राहिली.

“त्याले सांगा,” संघदीप म्हणाला, “त्याचं सॉफ्टवेअर म्हंजे वावरातलं बुजगावणं हाय. लांबूनच चांगलं दिसते.”

निकिता वळली. “ते म्हणताहेत, तुमच्या प्रॉडक्टमध्ये सुधारणेला वाव आहे.”

“मले आयकू येते, मॅडम,” खेमसिंग म्हणाला. “त्याले म्हणा, तुह्यं सॉफ्टवेअर चालू होईपर्यंत गाडीतल्या कापसाले सूत निघते.”

“त्यांना तुमच्या स्पीडबद्दल थोडी काळजी वाटते.”

असं बराच वेळ चाललं. तेवढ्यात मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन आला. निकिताचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

“निकिता, रिपोर्ट में हर पन्ने पर लिखा है कि बोंडअळी ने मार्केट खा लिया. ये बोंडअळी है कौन? लोकल कंपनी है? तो सीधे उसी को क्यों नहीं खरीद लेते?”

निकिता स्पीकर बंद करायला धडपडू लागली.

“मिल जाएगी साहब,” खेमसिंगच मोठ्याने म्हणाला. “हमारे इधर हर बोंड में उसकी ब्रँच है.”

“और मॅनेजमेंट बहुत मजबूत है उसका,” संघदीपच्या तोंडून आपसूक निघालं. “दवा मारो तो भी हिलता नहीं.”

“व्हेरी गुड! बात आगे बढ़ाओ,” म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

आधी खेमसिंग हसला. मग संघदीपला असा ठसका लागला की उर्वशीला पाण्याचा ग्लास घेऊन उठावं लागलं. पाणी देताना तिने विचारून टाकलं, “भाऊजी, खरं सांगा. आमच्या लग्नाले काहून नाही आले?”

संघदीपने ग्लास रिकामा केला. “आलतो, वहिनी.”

“कुठी आलता बे?” खेमसिंग पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बोलला.

“फुलसावंगीलेच आलतो. राठोड परिवाराचा गेट दिसला, शिरलो अंदर. जेवलो. बँडसमोर नाचलो. आहेर देला. मंग नवरदेवानं तोंडावरचा सेहरा वर केला, तं थो तू नव्हताच! त्या दिवशी गावात राठोडाची दोन लग्नं होती. तुह्या मांडवात पोचलो तं लोकं खुर्च्या टेम्पोत भरून राह्यले होते. कोणत्या तोंडानं सांगू? म्हून प्रिंटरवर ढकललं.”

खेमसिंगने कपाळावर हात मारला. उर्वशीने मात्र मुद्द्याचं विचारलं.

“आहेर काय देलता?”

“मिक्सर.”

“किती भांड्याचा?”

“तीन.”

“अरे बाप्पा!” उर्वशी मटकन खाली बसली. “आमच्याकडे अजून दोन भांड्याचाच हाय.”

त्यानंतर टेबलं जोडली गेली आणि जेवण होईपर्यंत सौदाही जुळला. अडलं फक्त एका गोष्टीवर. नव्या कंपनीला सीईओ एकच हवा होता. संघदीप खेमसिंगच्या हाताखाली काम करायला तयार नव्हता, खेमसिंग संघदीपच्या.

निकिताने दोघांकडे पाहिलं, मग उर्वशीकडे. “यांच्या हाताखाली?”

“हिच्या हाताखाली तं मी आताबी हाओच,” खेमसिंग म्हणाला. संघदीपने मान हलवली. वहिनीला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती.

उर्वशीने पहिल्याच आठवड्यात गाठीमागचा आकार बंद केला. “कापसाच्या भरवशावर एवढी माणसं टांगून नाही ठेवता येत,” असं तिने निकिताला सांगितलं आणि डाळमिलसाठी तुरीचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. पहिलं गिऱ्हाईक कळंबचे डाळमिलवाले बाबाराव. सॉफ्टवेअर सुरू झालं आणि दोन दिवसांत बाबारावांचा फोन आला.

“ताई, तुमचं सॉफ्टवेअर लय दिलदार हाय. पण हे दाखवते एवढी तूर माह्या गोदामात मावत नाही.”

दोघा मित्रांनी वजनाचा प्रोग्राम एकमेकांना न विचारता आपापला लिहून टाकला होता, आणि दोन्ही चालू होते. प्रत्येक गाडी दोनदा मोजली जात होती. तोवर आकडे मुंबईला पोचले होते आणि मोठ्या साहेबांचं अभिनंदनही येऊन गेलं होतं. उर्वशीने स्वतः फोन लावला. “साहेब, अर्धं अभिनंदन वापस घ्या,” ती म्हणाली, आणि दोघांना कळंबला पिटाळलं.

डाळीच्या भुकटीत शिंकत दोघे दिवसभर भांडले, कोणाचा प्रोग्राम ठेवायचा यावर. संध्याकाळी संघदीपच्या मनात आलं, जाऊ दे, त्याचा राहू दे. त्याने गुपचूप आपला पुसला. खेमसिंगच्याही मनात तेच आलं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये एकही गाडी मोजली गेली नाही.

तिसऱ्या दिवशी उर्वशी सकाळच्या एसटीने कळंबला आली. तिने दोघांसमोर एकच कॉम्प्युटर ठेवला, दार लावून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसली. आतून आरडाओरडा ऐकू येऊ लागला तसे बाबाराव घाबरले.

“ताई, मारामारी तं नाही होणार?”

“नाही हो,” उर्वशी म्हणाली. “काम सुरू झालं.”